चित्र खाली, आवाज वर

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलात तर पुढच्यांचं हसू ऐकू येईल आणि ते कशाला हसले ते कळायचं नाही, आणि आजची गोष्ट नेमकी त्याच घोटाळ्याची आहे. एकाला सगळं दिसलं पण ऐकू आलं नाही. दुसरीला सगळं ऐकू आलं पण दिसलं नाही. देवाने डोळे आणि कान एकाच डोक्यावर का बसवले असतील, हे ज्यांना आजवर कळलं नसेल त्यांना गोष्ट संपेपर्यंत कळेल. चित्त तेवढं इकडे असू द्या.

एक अरुंद, सरळ रस्ता होता. रस्त्याच्या एका अंगाला टेलरताईंचं दुकान आणि बरोबर समोर चष्मेवाल्यांचं. टेलरताई पन्नाशी ओलांडलेल्या. हात असे चालायचे की कापडाने आपणहून दुमडून घ्यावं. तोंडाचं मात्र विचारू नका. ओठांत कायम टाचण्या, आणि त्या टाचण्यांच्या फटीतूनच त्या बोलायच्या. टाचण्या काढल्या की त्यांना शब्द सुचत नसे. शिवाय आणखी एक खोड. मनाजोगतं काही जमून आलं की आपण मान डोलावतो, त्या आडवी हलवायच्या. गिऱ्हाईक नवा कोट चढवून आरशापुढे उभं राहिलं, आणि ताईंच्या कपाळावर आठ्या चढून मान 'नाही नाही' करू लागली, की जुनी माणसं ओळखायची, कोट झकास बसलाय. नवी माणसं घाबरून कोट काढायला लागायची.

चष्मेवाले विधुर, मऊ बोलणारे. बोलताना आपलाच चष्मा काढून पुसत राहायचे, त्यामुळे महत्त्वाचं काही बोलायची वेळ आली की समोरचं माणूस त्यांना धूसर दिसायचं. त्या धूसरपणाच्या जोरावरच त्यांनी एकदा रस्ता ओलांडला आणि ताईंना विचारलं, आपण उरलेले दिवस एकत्र काढू या का.

ताईंनी काय करावं? गळ्यातली टेप काढली आणि त्यांचं माप घेतलं. छाती, खांदा, बाही. चष्मेवाले बिचारे हात पसरून उभे राहिले. आठवड्याने शर्ट आला, उत्तर नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा माप झालं, पुन्हा शर्ट आला. शर्ट घालून दाखवायला बोलावण्याचं ताईंना धाडस नव्हतं. तो घडी होऊन वहिनींच्या हाती रस्त्यापलीकडे जायचा. म्हणूनच ती आडवी हलणारी मान चष्मेवाल्यांनी कधी पाहिली नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कपाट शर्टांनी भरलं आणि माणूस रिकामा राहिला.

वहिनी म्हणजे ताईंच्या थोरल्या भावाची बायको. दोघं दुकानाच्या वर राहायची. भाऊ जिन्याखाली बाकडं टाकून किल्ल्या बनवायचे, म्हणून सगळे त्यांना किल्लीवाले दादा म्हणत. जगातल्या कुठल्याही अडचणीला एक भोक असतं आणि त्यात काहीतरी घालून फिरवलं की ती सुटते, अशी त्यांची पक्की श्रद्धा होती.

तर एके दिवशी चष्मेवाले आले ते चष्मा न पुसता आले. म्हणाले, "दूर माझी बहीण एकटी आहे, मोठं घर आहे, ती बोलावतेय. उद्या दुपारी सामानाला ट्रक येतोय. तुम्ही हो म्हणालात तर रिकामा परत जाईल. नाही म्हणालात तर भरून जाईल. काहीच म्हणाला नाहीत, तरी भरूनच जाईल."

ताईंनी त्यांच्या कॉलरचं माप घेतलं.

ते गेल्यावर ताई शिलाईच्या स्टुलावर बसून राहिल्या. वहिनींनी पाठीवर हात ठेवला, तेव्हा टाचण्यांतून एवढंच आलं, की समोर माणूस दिसला की माझी जीभ चिकटते. दादांना लगेच भोक दिसलं. म्हणाले, समोर माणूस नकोच ना? मग लॅपटॉपशी बोल. कटिंगच्या खोलीत तू एकटी बस, लॅपटॉप तुला टिपून घेईल, उद्या त्यांना चहाला बोलावून आपण ते दाखवू, तू तोवर कापडाच्या कोठीत दार लावून बस. ताईंना हे पटलं. संध्याकाळी खोलीचं दार लागलं, बऱ्याच वेळाने उघडलं. आत काय बोललात, असं वहिनींनी विचारलं तर ताई म्हणाल्या, ते आधी त्यांनी पाहायचं. त्यांच्याआधी कुणी पाहिलंत तर मी जन्मात तुमचं काही शिवणार नाही. घरात या धमकीला फार वजन होतं.

आता घोटाळा कसा झाला तो ऐका.

ताईंच्या घरात एकही वस्तू उघडी नसायची. रेडिओला झबलं, रिमोटला पिशवी, कात्रीला म्यान, आणि वायरींनासुद्धा कापडाच्या बाह्या. उगाच हौस नव्हती, त्यात हिशेब होता. लॅपटॉपच्या टेबलाशी चार वायरी येऊन पडायच्या. त्यातल्या दोन चित्राच्या. एक कटिंगच्या खोलीतल्या टीव्हीला जायची, तिची बाही ठिपक्यांची. दुसरी पुढच्या काचेतल्या टीव्हीला, तिची पट्ट्यांची. काचेतला टीव्ही रस्त्याकडे तोंड करून दिवसभर फ्रॉकची चित्रं दाखवायचा, आणि वायरीतून दुसरं काही आलं की फ्रॉक सोडून ते दाखवायचा. उरलेल्या दोन वायरी आवाजाच्या. चौकडीची बाही म्हणजे खोलीतला स्पीकर. फुलांची बाही म्हणजे छताच्या भोकातून वर स्वयंपाकघरात गेलेली वायर. दादांनी ते भोक पाडलं होतं, वहिनींना काम करताना देवाची गाणी ऐकता यावीत म्हणून. वायरींचा गुंता कितीही होवो, कापड बघायचं आणि लावायचं. चारांत एकही चूक होण्याची सोय नव्हती.

पण ताई घाबरल्या की इस्त्री करायच्या. त्या सकाळी तर त्या फारच घाबरल्या होत्या. पडदे झाले, टेबलावरची चादर झाली, रुमाल झाले, दादांचा अंगातला सदरा अंगातून काढून झाला. मग उरलं काय? वायरींच्या बाह्या. त्यांनी चारी बाह्या उतरवल्या, धुतल्या, वाळवल्या, कडक इस्त्री केली आणि पुन्हा चढवल्या. कुठली कुणाची होती याकडे लक्ष होतं कुठे. कुठल्या बाहीला कुठली वायर शोभते हे बघून चढवल्या. काचेच्या टीव्हीची वायर काळी, तिच्यावर त्यांना पांढरे ठिपके फार खुलले. स्वयंपाकघराच्या वायरीला चौकडी बरी दिसली. आणि हे सगळं झाल्यावर, एक सुस्कारा सोडून, त्यांनी तापलेली इस्त्री उभी न करता सपाट ठेवली. मिटलेल्या लॅपटॉपच्या झाकणावर.

वास आला तेव्हा सगळे धावले. दादांनी झाकण उघडलं. लॅपटॉप जागा झाला, दिवा लागला, पंखा घरघरला. पडदा मात्र काळा तो काळाच.

ताईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. दादा म्हणाले, "अगं, तोंड गेलं म्हणजे जीव गेला नाही. आत सगळं आहे. खोलीतल्या टीव्हीला वायर लावली की तिथे दिसेल." मग त्यांनी शब्द दिला, की फक्त पहिलं चित्र उमटलेलं बघतो आणि लगेच थांबवतो, पुढचं एक अक्षर ऐकत नाही. ताई कोठीत गेल्या, दार लावून घेतलं, आणि खबरदारी म्हणून कापडाच्या दोन गठ्ठ्यांमध्ये डोकं घालून बसल्या. वहिनी वर कांदा चिरायला गेल्या. चहाला अवकाश होता. समोर ट्रक येऊन लागला होता आणि चष्मेवाले एकेक वस्तू दाराबाहेर आणून ठेवत होते, अगदी हळू, म्हणजे उत्तराला वेळ मिळावा.

दादांनी ठिपक्यांची वायर घेतली, भोक पाहिलं, लावली. चौकडीची घेतली, लावली. टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही म्हणाला, सिग्नल नाही.

लॅपटॉपवरची लांब पट्टी दाबली की चित्र सुरू होतं आणि पुन्हा दाबली की थांबतं, एवढं दादांना माहीत होतं. त्यांनी दाबली. काही नाही. जरा वाट बघून पुन्हा दाबली. काही नाही. मग कुलपात किल्ली अडल्यावर करतात तसं त्यांनी थोडं दाबून, थोडं थांबून, थोडं गोंजारून चालवलं.

इकडे काचेत फ्रॉक गेले आणि टेलरताई आल्या. भिंतीएवढा चेहरा. ओठांत टाचण्या, कपाळावर आठ्या, आणि मान आडवी हलतेय. हलता हलता थांबली. पुन्हा हलू लागली. पुन्हा थांबली.

चष्मेवाले दोन्ही हातांत दोन खुर्च्या घेऊन रस्त्यावर उभे होते, ते तसेच राहिले.

आणि वर, सिंकवरच्या स्पीकरमधून, टाचण्यांच्या फटीतून आवाज आला. "ऐकताय ना?"

वहिनींना वाटलं, नणंद जिन्यातून बोलतेय. म्हणाल्या, ऐकतेय की, बोला वन्सं.

बराच वेळ काही नाही. मग, "मला तोंडावर बोलता येत नाही."

वहिनी म्हणाल्या, ते का मला माहीत नाही, एवढी वर्षं एका घरात काढली. आणि कांदा चिरत राहिल्या. पुन्हा शांतता. मग आवाज आला, "तुमच्या शर्टाचं वरचं बटण मी मुद्दाम सैल लावते. तुटलं की तुम्ही परत याल म्हणून."

वहिनींच्या हातातली सुरी राहिली हातातच. त्या शर्ट घालत नव्हत्या. त्यांनी स्पीकरकडे पाहिलं, आणि मग जे चाललंय ते त्यांच्या ध्यानात आलं. धावत खिडकीशी गेल्या. खाली रस्त्यावर चष्मेवाले, ट्रकवाला, शेजारचे, जाणारे येणारे, सगळे काचेकडे तोंड करून उभे. वहिनींना वरून काच दिसत नव्हती, चेहरे दिसत होते, आणि चष्मेवाल्यांचा चेहरा हळूहळू विझत चालला होता. त्यांनी वर पाहिलं. वरून वहिनी डोळ्यांना पदर लावून बघत होत्या. कांद्याचं पाणी, पण खालून कुणाला कळणार? नणंद नाही म्हणते आणि वहिनी रडते, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी दोन्ही खुर्च्या ट्रकमध्ये चढवल्या.

"थांबा," वहिनी खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन म्हणाल्या. "तुम्हाला काय दिसतंय ते मला सांगा. मला काय ऐकू येतंय ते मी तुम्हाला सांगते."

चष्मेवाले म्हणाले, "त्या मान हलवतायत."

"कशी?"

"आडवी."

"आणि आठ्या?"

"पुष्कळ," ते म्हणाले.

वहिनी खिडकीच्या चौकटीला धरून खदखदून हसल्या. रस्त्यावर सगळ्यांना वाटलं, बाईंचा तोल सुटला. हसू आवरून त्यांनी खाली सांगितलं, की आठ्या पुष्कळ आणि मान आडवी म्हणजे कोट झकास बसलाय, कुठल्याही जुन्या गिऱ्हाइकाला विचारा. गर्दीतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने स्वतःच्या कोटाची कॉलर ओढून दुजोरा दिला. मग वहिनींनी बटणाचं सांगितलं. शब्दाला शब्द, आपल्या पदरचं काही न घालता.

चष्मेवाले थक्क झाले. म्हणाले, "बटणं तुटायची. दर वेळी तुटायची. त्यांना त्रास नको म्हणून मी ती घरीच लावत होतो."

हे ऐकून ट्रकवाल्याने कपाळावर हात मारला. चष्मेवाल्यांची आणि त्याची ओळख त्या दुपारचीच, पण काही मूर्खपणा असा असतो की तो पाहून परकं माणूससुद्धा घरचं होतं.

आता पाहा, केवढी तारांबळ. वर स्वयंपाकघरात आवाज, खाली काचेत चित्र, आणि मधल्या हवेत वहिनी. आवाज सुरू झाला की त्या आत पळायच्या, कान द्यायच्या, आवाज थांबला की खिडकीशी येऊन वाक्य खाली सोडायच्या. मागच्या खोलीत दादा पट्टी दाबत, सोडत होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण देवाने त्यांची बोटं अशी चालवली, की वहिनींना प्रत्येक वाक्यामागे पळायला नेमकी फुरसत मिळत होती. सायकलवाले उतरून चालू लागले. एक वाक्य आलं, की चष्मेवाले दुकान उघडताना काचेवर फुंकर घालतात, तेव्हा ती समोर इस्त्री थांबवते. दुसरं आलं, की त्यांच्या बाहीचं माप तिला केव्हाचं पाठ आहे, टेप नुसतं निमित्त. चष्मेवाले दर वाक्याला एक एक वस्तू ट्रकमधून खाली उतरवत होते, आणि आपण उतरवतोय हे त्यांना कळत नव्हतं.

मग वहिनी आतून ओरडतच आल्या, की आता ती म्हणतेय, तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर सांगते, आणि आत पळाल्या.

आणि नेमक्या त्याच क्षणी दादांनी कंटाळून चौकडीची वायर उपटली.

वर स्पीकर मेला. खाली काचेत मात्र ताई बोलतच होत्या. सगळ्यांत महत्त्वाचं तेच चाललं होतं, ओठ हलत होते, टाचण्या लुकलुकत होत्या, आणि शब्द कुठेच पोचत नव्हते. चष्मेवाल्यांनी खिशातून जाड भिंगाचा चष्मा काढून लावला, मग त्याहून जाड लावला. ओठ मोठे झाले. टाचण्याही मोठ्या झाल्या.

लोक वर बघून म्हणू लागले, सांगा ना बाई, काय म्हणाली. जाणारी एक म्हणाली, मान तर आडवीच आहे, हो म्हणाली असेल, सांगून टाका. वहिनींना ते सोपं होतं. दोन अक्षरं, आणि ती खरी असण्याची शक्यताच अधिक. पण त्या गंभीर झाल्या.

"माझ्यापर्यंत आलं तेवढं मी दिलं," त्या म्हणाल्या. "पुढचं आलंच नाही, आणि ते मी माझ्या मनचं नाही सांगणार. ते तिचं तिनेच सांगायचं."

त्या जिना उतरून आल्या. कटिंगच्या खोलीत दादा टेबलाखाली शिरले होते, बाहेर फक्त पाय होते. वहिनींनी ते पाय ओलांडले, कोठीचं दार उघडलं, गठ्ठ्यांमधून नणंदेचं डोकं शोधलं आणि हाताला धरून तिला ओढत दुकानातून थेट रस्त्यावर आणलं.

टेलरताईंनी गर्दी पाहिली. मग वळून काचेत स्वतःला पाहिलं, भिंतीएवढी. ओठांत टाचण्या असलेली एक बाई ओठांत टाचण्या असलेल्या दुसऱ्या बाईकडे बघत राहिली. मला वाटतं, आपण समोरच्याला कशा दिसतो ते त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळलं. त्यांनी एकेक करून टाचण्या काढल्या आणि वहिनींच्या तळहातावर ठेवल्या. मग त्या चष्मेवाल्यांसमोर गेल्या, आणि हात सवयीने गळ्यातल्या टेपकडे गेला.

चष्मेवाले हळूच म्हणाले, "माप तेच आहे."

टेप सुटली हातातून. टाचण्यांवाचून ताईंचं तोंड अगदी नवं दिसत होतं, जणू कालच मिळालंय.

"ट्रक रिकामा पाठवा," त्या म्हणाल्या.

चष्मेवाले म्हणाले, मला नीट ऐकू आलं नाही. त्यांना लख्ख ऐकू आलं होतं. पुन्हा ऐकायचं होतं. ताईंनी पुन्हा सांगितलं, आणि वर म्हणाल्या, की त्या खुर्च्या आत आणा, चहाला बसायला लागतील. मग कपाळावर आठ्या घालून त्यांनी मान आडवी हलवली. चष्मेवाल्यांनी तशीच हलवली. जुन्या गिऱ्हाइकाने हलवली, सायकलवाल्यांनी हलवली, बघता बघता अख्खा रस्ता 'नाही नाही' म्हणत आनंदाने हलू लागला. ट्रकवाला एकटा गोंधळला. तो म्हणाला, अहो, मला एकदा सरळ सांगा, हो की नाही. वहिनी म्हणाल्या, हो, म्हणून तर सगळे नाही म्हणतायत. त्याने हात जोडले आणि गपचूप खुर्च्या उचलून ताईंच्या दुकानात नेऊन ठेवल्या.

तेवढ्यात दादा आले. धापा टाकत, केसांत धूळ, डोळ्यांत पाणी. झालं होतं असं, की टेबलाखाली त्यांनी वैतागून उरलेल्या दोन्ही वायरी लावून पाहिल्या, आणि खोलीतल्या टीव्हीवर ताई उमटल्या, आवाजासकट, अगदी शेवटच्या वाक्यावर. थांबवण्याचा शब्द दिला होता, पण बोट उठलंच नाही. एवढ्या धडपडीत ते उत्तर नीट, चित्र आणि आवाज एका जागी असं पाहिलं ते फक्त त्यांनी. दारात उभं राहून ते गदगदून म्हणाले, "ऐका रे, ती हो म्हणतेय."

रस्त्यावर कुणी हसलं नाही. आधी वहिनींनी सगळ्यांकडे एक नजर फिरवली होती ना. मग त्या नवऱ्याकडे वळून, डोळे मोठे करून म्हणाल्या, "काय सांगता!" आणि बाकीच्यांनीही तोच सूर धरला. दादांना आजही वाटतं, ती बातमी त्यांनीच दिली.

लग्न झालं. दोन दुकानांमधला रस्ता तेवढाच आहे, पण आता तो कुणी एकटं ओलांडत नाही. वायरींच्या बाह्या ताईंनी पक्क्या शिवून टाकल्या, उतरतच नाहीत. शर्टाची वरची बटणं मात्र अजून सैलच लावतात, आणि चष्मेवाले ती आता घरी लावत नाहीत. म्हणजे घरीच लावली जातात, पण त्यांच्या हातून नाही.

तर माझ्या जिवलगांनो, उद्या तुम्ही एखादी वायर लावाल, चित्र येईल आणि आवाज येणार नाही, किंवा आवाज येईल आणि चित्र कुठेतरी भलतीकडे गेलेलं असेल, आणि तुम्हाला राग येईल. त्या वेळी एक करा. हातात कांद्याची सुरी घेऊन खिडकीतून अर्ध्या बाहेर लोंबलेल्या त्या वहिनींना आठवा. एकाचा शब्द दुसऱ्यापर्यंत त्यांनी जसाच्या तसा नेला, आणि जो आला नाही तो आपल्या मनचा घातला नाही. देवाच्या पायाशी बसाल तेव्हाही त्यांच्यासाठी एक क्षण ठेवा.